पोटातली पुळी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे मधे थांबायला लागलो तर माझा धागा सुटतो. या गोष्टीत गाढव मीच आहे, आणि शेवटपर्यंत सुधारत नाही, तेव्हा ती आशा धरू नका. कॉफी घ्या. चहा मागू नका, हे तंजावर आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. बोलतोय मी, पण लिहून घेतेय माझी सून, केतकी. आम्ही इथले मराठी लोक घरात मराठी बोलतो, बाजारात तमिळ बोलतो, लिहितो तमिळमध्ये आणि भांडतो दोन्हींत. देवनागरी मला येत नव्हती. आता थोडी येते, ती कशी आली तेही यातच आहे. माझ्या मराठीला केतकी कागदावर उतरवताना इस्त्री करते. कोणी काय म्हटलं ते मात्र जसंच्या तसं ठेवायचं, असा आमचा करार झालाय. ही बघा, आत्ताच हसायला लागली.

तर मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. घरात मी आणि बायको सुगुणा. एकुलता एक मुलगा राघव पुण्यात नोकरीला होता, तिथं त्याला ही सांगलीची केतकी भेटली. लग्न झालं, मग राघवची बदली इथून तासाभरावरच्या तिरुचीला झाली आणि दोघं आमच्याकडे राहायला आली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! जन्मभर मला घरात एक असं माणूस हवं होतं, जे वाक्य मराठीत सुरू करून मराठीतच संपवेल. सुगुणा मराठीत सुरू करते आणि राग आला की तमिळमध्ये शिरते, म्हणजे रोजच शिरते. लग्नात सांगलीला मी उभा राहून मराठीत चार शब्द बोललो होतो. नंतर एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही अगदी बखरीतल्यासारखं बोलता हो. मी वर्षभर ते कौतुक समजून मिरवलं.

केतकी आली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिनं मला देवनागरी शिकवायला घेतली. संध्याकाळी ओट्यावर बसायचं, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ती एक अक्षर काढायची, मी ते गिरवायचो. समोरून जाणारे थांबून विचारायचे, सार, या वयात शाळेत का? मी म्हणायचो, होय, बाई फार कडक आहेत. रोज एक अक्षर. क झाला, ख झाला, असं करत करत ह पर्यंत आलो. त्या दिवशी ती म्हणाली, "अप्पा, उद्या ळ." 

तो उद्या काही उजाडेना. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली डोकं दुखतंय. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ओट्यावर फार ऊन आहे. संध्याकाळी साडेसहाला कसलं ऊन? हळूहळू ती खोलीतून बाहेर यायचीच बंद झाली. आली तरी ओढणी डोक्यावरून पुढं ओढलेली, मान खाली. बोलायची ते भिंतीकडे बघून. मोठ्या देवळात जाऊया म्हटलं तर नको, तिरुवैयारूला नदीवर जाऊया म्हटलं तर नको.

सुगुणाला विचारलं. ती म्हणाली, तोंडावर दोनचार परू आलेत बाई तिच्या, मी हळद लाव म्हटलं, आणखी काही नाही. परू म्हणजे तुम्ही तारुण्यपीटिका म्हणता ते. मी म्हटलं, परू काय सगळ्यांनाच येतात, त्यासाठी कोण असं बसतं? नक्की दुसरं काहीतरी आहे. माझ्या या वाक्यानंतर जे काही घडलं, त्याला फक्त मी जबाबदार आहे.

एके दिवशी सकाळी मी माडीवर कपडे वाळत घालत होतो. निवृत्त माणसाला घरात तेवढंच एक खातं मिळतं. पलीकडच्या खोलीत केतकी आईशी फोनवर बोलत होती. चोरून ऐकायची सवय मला नाही, पण मराठी कानावर पडली की माझे पाय आपोआप थांबतात.

"काय सांगू आई, पुळीनं नुसता वैताग आणलाय," ती म्हणत होती. "एक गेली की दुसरी येते. रोजचंच झालंय. आणि ते आसिड! इतकं जळजळतं ना. सुरुवातीला असंच होतं म्हणतात, मग सवय होते. पण मला नाही सहन होत गं. वाटतं, सोडूनच द्यावं."

आणि ती रडायला लागली.

तुम्हाला कळलं असेल काय ते. मला कसं कळणार? आमच्या घरात पुळी म्हणजे चिंच! तमिळ शब्द आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या तोंडात बसलाय. माझ्या आजीनं कधी चिंच म्हटलं नाही, आईनं म्हटलं नाही. सांगलीत तोंडावर उठते तिलाही पुळी म्हणतात, हे मला कोणी सांगितलं होतं?

हातात ओला टॉवेल घेऊन मी तिथंच उभा राहिलो आणि हिशेब जुळवत गेलो. एक गेली की दुसरी येते. खरंच की! आमच्याकडे सांबार गेलं की रसम येतं. रसम गेलं की वत्तकुळंबू येतं. सगळ्यांत पुळी. रविवारी पुळीभात. पोरगी सांगलीच्या गूळ घातलेल्या आमटीवर वाढलेली, तिच्या पोटात रोज आम्ही हे आंबट ओततोय. आसिड होणार नाही तर काय होणार? तोंडावर परू आले तेही त्यामुळेच. म्हणून ती बाहेर येत नाही, आणि आता तिला सगळं सोडून जायचंय.

खरं सांगतो, आम्हाला मुलगी नाही. ती आल्यापासून घरात कोणीतरी मला "अप्पा, हे चुकलं, परत काढा" म्हणत होतं, आणि मला ते फार आवडत होतं. ती गेली असती तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही.

हे लिही, केतकी. खोडू नकोस.

खाली येऊन मी सुगुणाला स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगितलं, आजपासून या घरात पुळी बंद. तुम्ही समजून घ्या, तंजावरच्या घरात पुळी बंद म्हणजे काय. आमच्या पूर्वजांचं आमसूल संपलं, त्यांनी पुळी घातली आणि जगात सांबार आलं, असं आमच्याकडे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी सांगतंच. खरं खोटं देवाला ठाऊक. सुगुणा आधी मराठीत ओरडली, मग तमिळमध्ये ओरडली. मग मी फोनवर ऐकलेलं सांगितलं. सोडून द्यावं म्हणाली, हे सांगितलं. तेव्हा ती खाली बसली. नंतर उठली आणि वर्षाच्या पुळीची बरणी स्वतः उचलून माझ्या हातात दिली.

मी ती बरणी मांडीवर घेऊन बसनं ओरत्तनाडूला गेलो आणि सुगुणाच्या बहिणीकडे ठेवून आलो. घरात असती तर सुगुणाचा हात गेला असता, असं मी सांगायचो. हात माझा गेला असता.

केतकीला यातलं काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. आपल्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय असं तिला वाटायला नको. राघवला सांगितलं, डॉक्टरांनी मला पथ्य दिलंय. मग सुरू झालं मुगाचं वरण. दुधी. पडवळ. नारळ घालून पडवळ. आंबट नकोच म्हणून लिंबू बंद, टोमॅटो बंद, ताकसुद्धा गोडं. चौथ्या दिवशी राघव ताटाकडे बघून म्हणाला, अप्पा, हे पथ्य तुम्हाला आहे ना, मग आम्ही काय केलंय? मी म्हटलं, घर म्हणजे सगळ्यांनी मिळून सोसायचं असतं. फार गंभीर चेहऱ्यानं म्हटलं.

आणि केतकी? पूर्वी निदान दोन वाट्या रसम प्यायची. आता चार घास खाऊन उठायला लागली. मला वाटलं, दुखणं वाढलंय. मी पडवळ वाढवलं.

आता माझी चोरी ऐका. पाच दिवस मी कळ काढली. सहाव्या दिवशी संध्याकाळी देवळात जातो म्हणून निघालो आणि देवळाच्या मागे एका मामींची मेस आहे, तिथं जाऊन बसलो. त्यांचा पुळीभात! तिळाच्या तेलात मिरच्या आणि शेंगदाणे तळून घातलेले, भात काळपट तांबडा झालेला. एक पान खाल्लं. दुसरं मागितलं. मग रोज जायला लागलो. सुगुणा कौतुकानं शेजारणीला सांगायची, हे अलीकडे फार देवभक्त झालेत हो. मेसवाल्या मामींना मात्र माझी काळजी वाटायला लागली. एकदा त्यांनी हळूच विचारलं, सार, घरी बायको जेवायला घालत नाही का? मी मान खाली घालून म्हटलं, घालते, पडवळ. त्यांनी आणखी एक पळी भात वाढला.

असं बारा दिवस रोज चोरून दोन दोन पानं पुळीभात खाल्ल्यावर काय होतं? तेच झालं. एका दुपारी छातीपासून बेंबीपर्यंत वणवा पेटला. राघव कचेरीत, सुगुणा आत पंख्याखाली झोपलेली, केतकी आपल्या खोलीत. सुगुणाला उठवून औषध मागावं तर ती विचारणार, पडवळ खाऊन पित्त कसं झालं? म्हणून मी आवाज न करता हात धुवायच्या बेसिनवरचं छोटं कपाट उघडलं आणि शोधायला लागलो.

तिथं एक ट्यूब मिळाली. चष्मा नव्हता, त्यामुळे मोठी अक्षरं तेवढी वाचता आली. इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव, अझेलेइक की काय, आणि पुढं स्पष्ट, आसिड.

मला भरून आलं. म्हणजे पोरगी गुपचूप आसिडचं औषध घेत होती आणि कोणाला बोलली नव्हती. माझा अंदाज किती बरोबर होता! मी ट्यूब लांब धरून आणखी वाचलं. बाह्य वापरासाठी, खायचं नाही, असं काहीतरी लिहिलेलं होतं. मी जन्मभर पार्सलांवरच्या सूचना पाळलेला माणूस. खायचं नाही म्हणजे नाही. जळजळ पोटात आहे, औषध बाहेरून लावायचं आहे, तर लावायचं कुठं? पोटावर! पोस्टात आम्ही हातानं शिक्के मारत बसलो आणि वैद्यकशास्त्र किती पुढं गेलं, असं माझ्या मनात आलं.

बनियन वर केलं. माझं पोट काही लहान नाही. अर्धी ट्यूब लागली. चांगलं गोल गोल चोळून जिरवलं.

पहिल्या मिनिटाला थोडी चुणचुण झाली. मी म्हटलं, लागू पडतंय. दुसऱ्या मिनिटाला मुंग्या चालल्यासारखं वाटलं. तिसऱ्या मिनिटाला त्या मुंग्या चावायला लागल्या. आत पुळीभात, बाहेर आसिड, मधे मी! आवाज करायचा नाही हे ठरवलेलं होतं, ते विसरून मी अंगणातल्या नळाकडे धावलो, आणि धावताना काय ओरडलो ते केतकी लिहायला तयार नाही.

सुगुणा उठून आली. केतकीही धावत आली, ओढणी खोलीतच राहिली होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी तिचा चेहरा नीट बघितला. गालांवर, हनुवटीवर लाल लाल फोड, मधे मधे कातडी सुकून सोललेली. पण तिचं लक्ष माझ्या हातातल्या ट्यूबकडे होतं.

"अप्पा, हे कुठं लावलंत?"

"पोटावर."

"पोटावर कशाला?"

"पुळीनं जळजळतंय म्हणून."

"पोटावर पुळी आलीय?"

"पोटावर कशी येईल? पोटांत आहे."

"पोटात पुळी कशी जाईल, अप्पा?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी खाली बघून म्हटलं, "मामींच्या मेसमधून. रोज दोन पानं."

सुगुणा तमिळमध्ये शिरली. ते सगळं राहू द्या. केतकी मात्र गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मग तिनं आपल्या हनुवटीवर बोट ठेवलं.

"अप्पा, पुळी म्हणजे ही. हिच्यासाठी आहे ते मलम."

"हें तर परू," सुगुणा म्हणाली.

नळ तसाच वाहत होता. मी पोट धुवायचं थांबलो. फोनवरचं एकेक वाक्य माझ्या डोक्यात उलटं फिरून सरळ उभं राहायला लागलं. एक गेली की दुसरी येते. आसिड जळजळतं. सवय होते म्हणतात.

"मग सोडून द्यावं म्हणालीस तें काय?" मी विचारलं. "घर नव्हें?"

"घर?" ती म्हणाली. "मी मलम सोडणार होते, अप्पा."

मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती पायरीवर बसून रडायला लागली. रडत रडत जे सांगितलं ते असं. सांगलीत तिला कधी असे फोड आले नव्हते. इथं नवी सून बघायला येणारी प्रत्येक मामी आधी तोंडाकडे बघायची आणि मग औषध सांगायची. डॉक्टरीणबाईंनी हे मलम दिलं, तर ते लावल्यावर आग व्हायची, चेहरा आणखीच लाल दिसायचा. तिला आमच्यासमोर यायची लाज वाटायला लागली. आणि त्यातच अचानक जेवणातून रसम गेलं. "इथलं मला सगळ्यांत आवडतं ते अम्मांचं रसम," ती म्हणाली. "तेच बंद झालं. मला वाटलं, माझा चेहरा बघून तुम्हाला मी नकोशी झालेय."

सुगुणानं तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवत राहिली. मी पोट उघडं टाकून समोर उभा होतो, तशा अवतारात माणसानं काही बोलू नये. पण बोललो.

"अगं, तूं गेली असतीस तर मला ळ कोण शिकवणार होतं?"

ती रडता रडता हसायला लागली. मग तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी आधी माझ्या पोटाची चौकशी केली, पाण्यानं नीट धुवून गप्प बसायला सांगितलं, आणि मग बराच वेळ फोनवर काही ऐकू आलं नाही. केतकी म्हणते, हसत होत्या. तिलाही बोलणी बसली. चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं, ती भरभरून लावत होती. थोडे दिवस रोज एकदाच लाव, मग दोनदा, आधी साधं क्रीम लाव, उन्हात तोंड जप, आणि दोन तीन महिने धीर धर, सोडू नकोस, असं म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ती ओढणी न घेता ओट्यावर आली. कॅलेंडर उलटं केलं, ळ काढला, मी गिरवला. ळ फार अवघड आहे हो, दोन वेटोळी, माझी दोन्ही दोन दिशांना पळतात. मग तिनं मला शब्द लिहायला लावला. देवनागरीत मी लिहिलेला पहिला पूर्ण शब्द, पुळी. ते पान आहे अजून माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी ओरत्तनाडूला जाऊन बरणी परत आणली. मेहुणीनं ती अर्धी केली होती, पण बोलणार कुठल्या तोंडानं?

केतकीचा चेहरा हळूहळू निवळला. महिन्यानं आग थांबली, तिसऱ्या महिन्यात फोड जवळजवळ गेले. सकाळ संध्याकाळ ती मलम लावताना मी कॉफी घेऊन बसायचो आणि विचारायचो, वाटाण्याएवढं ना? ती बोटावरचं मलम मला दाखवायची. माझी तपासणी झाल्याशिवाय तिनं कधी लावलं नाही.

इथं संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण तिच्या चुलतभावाचं लग्न निघालं आणि आम्ही सगळे सांगलीला गेलो. गाडीत बसल्यापासून मी मनाला बजावत होतो, सांगलीत चिंच म्हणायचं, चिंच. व्याह्यांच्या घरी पहिलीच पंगत बसली, पंधरावीस माणसं होती. केतकी वाढत होती. आमटी आली. चांगली होती, पण आमच्या जिभेला काहीतरी कमी वाटलं. विहीणबाईंनी विचारलं, कशी झालीय? आणि मी, बखरीतला माणूस, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालो, "विहीणबाई, आमटी फार उत्तम जाहली आहे. नुसती पुळी थोडी कमी पडली."

पंगत थांबली. सगळ्यांनी आपापल्या वाटीत वाकून बघितलं. माझ्या शेजारच्या काकांनी वाटी हळूच पुढं सरकवली. सुगुणानं डोळे मिटून घेतले.

केतकीनं वाढता वाढता मानही वर केली नाही. आईला म्हणाली, "अगं, चिंच म्हणतायत ते. आमच्याकडे चिंचेला पुळी म्हणतात."

आमच्याकडे. आईच्या घरात उभी राहून, आईच्या हातची आमटी वाढताना ती आमच्याकडे म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला रुमाल मिळेना, म्हणून उपरण्यानं पुसायला लागलो.

विहीणबाई घाबरल्या. "काय हो, पुन्हा पोटात जळजळतंय का?" त्यांनी विचारलं, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, केतकीची ती ट्यूब आणा कोणीतरी, ह्यांच्या पोटाला लावायला."

सगळी पंगत हसली. मी सांगलीला पोचलो होतो सकाळच्या गाडीनं. माझं पोट माझ्या किती तरी आधी पोचलेलं होतं.